पाचव्या कोर्टवरचा मुलगा: बेन शेल्टन आणि अमेरिकन कॉलेज टेनिसचं कोडं

ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघायच्या मोठ्या स्पर्धेत एक अचाट गोष्ट घडली. जागतिक क्रमवारीत २०४ वा असलेला मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हॅशरो पात्रता फेरीतून आत आला, उपांत्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला हरवलं आणि अंतिम सामन्यात समोर उभा राहिला त्याचाच नात्यातला भाऊ, फ्रान्सचा आर्थर रिंडरनेश. व्हॅशरो जिंकला. भावा-भावांच्या त्या गळाभेटीचा फोटो सगळीकडे फिरला. बातमीतली एक ओळ मात्र बऱ्याच वाचकांच्या डोक्यावरून गेली: हे दोघंही अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळलेले.

कॉलेजच्या संघातून? टेनिसमध्ये?

आपल्या मनात टेनिसपटूचं एक ठरलेलं चित्र असतं. पाचव्या वर्षी हातात रॅकेट, बाराव्या वर्षी घर सोडून अकादमी, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, सतराव्या वर्षी विमानातच राहणं. या चित्रात कॉलेजला जागाच नाही. पुण्यात मुलांच्या स्पर्धा चालू असताना कोर्टच्या कडेला बसलेल्या आईबाबांशी बोललं की हेच ऐकू येतं: शिक्षण तरी करा नाहीतर टेनिस तरी. अमेरिकेत मात्र तिसरा रस्ता आहे, आणि तो समजून घ्यायचा तर बेन शेल्टन या मुलाच्या सुरुवातीच्या तीन वर्षांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. मे २०२१ मध्ये तो आपल्या कॉलेजच्या संघात पाचव्या क्रमांकावर खेळत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जागतिक क्रमवारीत पाचव्या क्रमांकावर पोहोचला.

आधी टेनिसची शिडी

व्यावसायिक टेनिसमध्ये पगार नसतो. क्रिकेटपटूला मंडळाचा किंवा फ्रँचायझीचा करार मिळतो, फुटबॉलपटूला क्लब पैसे देतो. टेनिसपटू एकटा असतो. तिकीट त्याचं, हॉटेल त्याचं, प्रशिक्षकाचा पगार त्याच्याच खिशातून. जिंकला तर बक्षिसाची रक्कम, हरला तर पुढच्या गावाचं तिकीट.

या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धा असतात. त्यातल्या सगळ्यात लहान स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर. ऐकायला बरी वाटते, पण ती सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. पाच सामने जिंकून विजेता झालात तर हाती येतात जेमतेम दोन हजार डॉलर. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला दीडशे डॉलरच्या आसपास. तेवढ्यात आठवड्याचं हॉटेलसुद्धा भागत नाही. त्यावरची पायरी म्हणजे चॅलेंजर स्पर्धा. त्याच्याही वर एटीपीच्या मुख्य स्पर्धा, म्हणजे पुरुषांचं व्यावसायिक टेनिस चालवणाऱ्या संघटनेचा खरा दौरा. आणि शिखरावर चार ग्रँड स्लॅम.

वर चढायचं ते क्रमवारीतल्या गुणांवर. हे गुण बँकेतल्या ठेवीसारखे साठत नाहीत, त्यांना वर्षाची मुदत असते. गेल्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण या वर्षी याच आठवड्यात गळून पडतात आणि तेवढेच पुन्हा कमवावे लागतात. अठरा वर्षांच्या मुलाला एखादी दुखापत झाली, किंवा चार महिने खेळ बसला नाही, की क्रमवारी घसरते. क्रमवारी घसरली की चांगल्या स्पर्धांत प्रवेश बंद, आणि प्रवेश नाही तर पैसे नाहीत. खर्च मात्र चालूच राहतो.

थोडक्यात, खालच्या पायऱ्यांवर सगळ्यात महाग गोष्ट असते वेळ. उशिरा उमलणाऱ्या मुलाला नेमकी तीच हवी असते.

कॉलेज टेनिस म्हणजे तालीम

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे खेळ एनसीएए नावाची संस्था चालवते. नियम तिचे, राष्ट्रीय विजेतेपद तिचं. तिच्या सगळ्यात वरच्या गटाला डिव्हिजन वन म्हणतात. फ्लोरिडा, टेक्सास, स्टॅनफर्ड, व्हर्जिनिया अशी विद्यापीठं या गटात येतात.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कोल्हापूरची तालीम. पोरगा गावाहून येतो, राहण्या-खाण्याची सोय होते, डोक्यावर वस्ताद असतो, रोज तोडीस तोड जोडीदार मिळतो आणि तालमीच्या नावाने तो फडात उतरतो. कॉलेजच्या संघातल्या टेनिसपटूला हेच मिळतं: कोर्ट, प्रशिक्षक, फिजिओ, व्यायामशाळा, प्रवासखर्च, शिष्यवृत्ती. वर पदवी.

सामन्याचा प्रकार मात्र आपण टीव्हीवर पाहतो त्यापेक्षा वेगळा. दोन संघ समोरासमोर येतात. आधी दुहेरीचे तीन सामने, प्रत्येकी एकाच सेटचे. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग सहा कोर्टवर एकेरीचे सहा सामने एकाच वेळी सुरू होतात, प्रत्येकाचा एक गुण. एकूण सात गुण, आणि ज्याचे आधी चार झाले तो संघ जिंकला. संघातला सगळ्यात बलवान खेळाडू पहिल्या कोर्टवर, त्याच्याखालचा दुसऱ्या, असं सहापर्यंत. ४०–४० झालं की पुढचा एकच पॉइंट गेम ठरवतो. पुरुषांच्या सामन्यात सर्व्हिस जाळीला लागून आत पडली तरी खेळ थांबत नाही. आणि प्रेक्षक! विम्बल्डनची शांतता इथे विसरायची. शेजारच्या कोर्टवरचे सहकारी ओरडत असतात, विद्यार्थी ढोल घेऊन येतात, सर्व्हिसच्या आधीपर्यंत गलका चाललेला असतो.

या गलक्याला बरेच जण खेळाचा अपमान समजतात. मला उलट वाटतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला एखाद्या ओस पडलेल्या छोट्या स्पर्धेत तीन प्रेक्षकांसमोर खेळून जे कळत नाही, ते इथे एका संध्याकाळी कळतं: आपला सामना हरलो तर आणखी नऊ जणांची वर्षभराची मेहनत जाईल, हे ओझं घेऊन सर्व्हिस कशी करायची.

पाचवं कोर्ट

बेन शेल्टनचा जन्म ९ ऑक्टोबर २००२ चा, अटलांटाचा. घर टेनिसचं. वडील ब्रायन शेल्टन स्वतः व्यावसायिक खेळाडू, क्रमवारीत ५५ पर्यंत गेलेले. १९९१ आणि १९९२ मध्ये त्यांनी न्यूपोर्टची स्पर्धा जिंकली. १९९४ च्या विम्बल्डनमध्ये पात्रता फेरीतून येऊन त्यांनी दुसऱ्या मानांकित मिखाएल श्टिशला पहिल्याच फेरीत गारद केलं होतं. आई लिसा लहानपणी चांगलं टेनिस खेळलेली, आणि तिचा भाऊ टॉड विट्स्कन दुहेरीतला जगातला आघाडीचा खेळाडू.

इतकं असूनही बेनचं पहिलं प्रेम अमेरिकन फुटबॉल होतं. टेनिसकडे तो मन लावून वळला तो बाराव्या वर्षाच्या आसपास. टेनिसच्या हिशेबाने हा चांगलाच उशीर झाला. वडील तोवर गेन्सव्हिलला, फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले होते. बेन तिथल्याच साध्या सरकारी शाळेत शिकला. त्याच्या वयाची मुलं कुमार गटाच्या स्पर्धांसाठी युरोप-दक्षिण अमेरिका पालथी घालत होती, तेव्हा त्याचे वडील त्याला देशाबाहेर पाठवायला तयार नव्हते. त्यांचा मुद्दा सरळ होता. देशातल्याच सगळ्या मुलांना तू अजून हरवत नाहीस, मग परदेशात कशाला जायचं? त्यामुळे बेनच्या नावापुढे कुमार ग्रँड स्लॅमचा एकही झळाळता निकाल नाही.

अठराव्या वर्षी तो वडिलांच्याच संघात दाखल झाला, आणि जागा मिळाली पाचव्या कोर्टवर. म्हणजे त्याच्याच कॉलेजात त्याच्यापेक्षा चांगले समजले जाणारे चौघे होते. त्यांपैकी सॅम रिफिसने त्याच वर्षी राष्ट्रीय एकेरी विजेतेपद मिळवलं.

मे २०२१ मध्ये ऑर्लँडोला सांघिक अंतिम सामना झाला, फ्लोरिडा विरुद्ध बेलर. फ्लोरिडाने ४–१ ने जिंकून आपलं पहिलं राष्ट्रीय पुरुष विजेतेपद घेतलं. निर्णायक चौथा गुण आला पाचव्या कोर्टवरून. पहिला सेट हरलेल्या बेनने पुढचे दोन घेतले आणि सगळा संघ त्याच्या अंगावर धावून आला. वडिलांसाठी तो दिवस दुहेरी मोलाचा होता. २००७ मध्ये त्यांनी जॉर्जिया टेकच्या महिला संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं, आणि पुरुष व महिला दोन्ही संघांना हा मान मिळवून देणारे ते पहिलेच प्रशिक्षक ठरले.

मला हे पाचवं कोर्ट फार महत्त्वाचं वाटतं. हाच मुलगा २०२१ मध्ये एकटा दौऱ्यावर निघाला असता तर त्याच्या ताकदीच्या मुलांशी, त्याच पाचव्या-सहाव्या कोर्टच्या दर्जाचे सामने तो पदरचे पैसे घालून खेळला असता, आणि बहुतेक हरलाही असता. कॉलेजात त्याला आठवड्यामागून आठवडे तेवढ्याच ताकदीचे प्रतिस्पर्धी मिळाले, आणि हरल्यावर परत जायला स्वतःची खोली होती.

मे ते नोव्हेंबर २०२२

पुढच्या हंगामात तो पहिल्या कोर्टवर आला. वर्ष सुरू झालं तेव्हा जागतिक क्रमवारीत तो पाचशेच्या पलीकडे होता. त्यानंतरचे सात महिने तारखांसकट सांगावे असे आहेत.

मेमध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात त्याने राष्ट्रीय एकेरी विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये प्रतिस्पर्ध्याला दुखापतीने खेळ सोडावा लागला. जुलैमध्ये जन्मगावी, अटलांटात, त्याला एटीपी स्पर्धेत जागा मिळाली. या पातळीवरचा त्याचा पहिला विजय आपल्या रामकुमार रामनाथनवर आहे. पुढच्या फेरीत तो जॉन इस्नरकडून हरला. हा इस्नर म्हणजे चार वर्षं जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळलेला गडी.

ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला कमाल झाली. आधी लोरेंझो सोनेगो, मग जगात पाचव्या क्रमांकावरचा कॅस्पर रूड, ६–३, ६–३. एकोणीस वर्षांचा मुलगा, तोही अजून कॉलेजचाच विद्यार्थी. तिसऱ्या फेरीत कॅमरन नॉरीने त्याला सहज हरवलं. नॉरीही टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातून आलेला. त्याच महिन्यात बेनने कॉलेज सोडून व्यावसायिक होत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेरीत पाच सेट लढून तो पोर्तुगालच्या नूनो बोर्गेसकडून हरला. बोर्गेस मिसिसिपी स्टेटचा! त्या उन्हाळ्यात या मुलाला हरवणाऱ्यांची नावं नीट पाहिली तरी कॉलेज टेनिसचा पसारा लक्षात येतो.

मग नोव्हेंबर. शार्लट्सव्हिल, नॉक्सव्हिल, शॅम्पेन. तीन आठवडे, तीन चॅलेंजर स्पर्धा, तिन्ही त्याने जिंकल्या. तिन्ही गावं विद्यापीठांची आहेत. या स्पर्धा बंदिस्त, वेगवान कोर्टवर होतात, जिथे त्याच्या डाव्या हाताची सर्व्हिस तोफेसारखी चालते. वर्ष संपलं तेव्हा तो पहिल्या शंभरात होता.

वाइल्ड कार्ड म्हणजे वशिला नव्हे का?

ही शंका रास्त आहे. अटलांटा, सिनसिनाटी, अमेरिकन ओपन, तिन्ही ठिकाणी त्याला वाइल्ड कार्ड मिळालं होतं. वाइल्ड कार्ड म्हणजे क्रमवारी पुरेशी नसताना आयोजकांनी स्वतःच्या अधिकारात दिलेली जागा. पंगतीत जागा संपलेली असताना यजमान कुणाचा तरी हात धरून आत बसवतो, तसं.

यजमान कोण, यावर बरंच अवलंबून असतं. चारपैकी एक ग्रँड स्लॅम अमेरिकेत होतं, शिवाय मोठ्या एटीपी स्पर्धाही. कॉलेजचा राष्ट्रीय विजेता अमेरिकन असेल तर त्याला अमेरिकन ओपनमध्ये जागा द्यायचा प्रघात आहे. क्रमवारीत तेवढ्याच मागे असलेल्या भारतीय किंवा अर्जेंटिनाच्या मुलाला हे नशीब नाही. ही विषमता खरी आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय बेनची गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

पण पंगतीत बसवता येतं, जेवावं ज्याचं त्यानेच लागतं. रूडला हरवणारे ते दोन सेट कुणी दिले नव्हते. नोव्हेंबरच्या पंधरा सामन्यांतला एकही वाइल्ड कार्डने जिंकता येत नाही. २०२३ पासून एटीपीने ही सोय थोडी रीतसरही केली आहे: कॉलेज क्रमवारीतल्या पहिल्या वीस खेळाडूंना चॅलेंजर स्पर्धांत ठरावीक जागा मिळतात, आणि त्या मिळवणारा कुठल्या देशाचा आहे हे पाहिलं जात नाही.

पैशाचं काय?

इथे गोष्ट खरोखर गुंतागुंतीची होते, म्हणून जरा सावकाश.

कॉलेजच्या खेळाडूने हौशी असावं, म्हणजे खेळून कमवू नये, हे एनसीएएचं जुनं तत्त्व. टेनिसमध्ये ते फार विचित्र दिसतं, कारण इथे विद्यार्थी आणि व्यावसायिक एकाच स्पर्धेत, एकाच जाळीच्या दोन बाजूंना उभे असतात. क्रमवारीचे गुण दोघांनाही सारखे मिळतात, धनादेश मात्र नाही. कॉलेजात जाण्याआधीच्या एका वर्षात बक्षिसातून १० हजार डॉलरपर्यंतच घ्यायचे, त्यापुढे फक्त स्पर्धेचा प्रत्यक्ष खर्च, असा नियम होता. रीस ब्रँटमायर या मुलीने २०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये सुमारे ४९ हजार डॉलर मिळवले आणि कॉलेजसाठी त्यातल्या बहुतांश रकमेवर पाणी सोडलं. मार्च २०२४ मध्ये तिने एनसीएएला कोर्टात खेचलं. मला तिची बाजू पटते. कुटुंबाने तेरा-चौदा वर्षं मुलीच्या खेळावर खर्च करायचा आणि पहिली खरी कमाई हातात आली की ती परत करायची, याला न्याय म्हणवत नाही.

दुसरीकडे दरवाजे उघडलेत. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावाची आणि चेहऱ्याची जाहिरात करून कमावता येतं. जून २०२५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने मंजूर केलेल्या एका मोठ्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठामागे कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यातला सिंहाचा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. टेनिसच्या तिकीटविक्रीवर विद्यापीठ चालत नाही.

शिष्यवृत्तीचंही असंच. पूर्वी डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या होत्या आणि महिला संघाला आठ. साडेचारचा अर्थ इतकाच की पुरुष संघात एकेक शिष्यवृत्ती तुकडे करून वाटली जायची. मुलींना जास्त का? अमेरिकन फुटबॉलच्या एकट्या संघात ८५ शिष्यवृत्त्या मुलांकडे जायच्या, आणि कायद्याप्रमाणे मुला-मुलींचा एकूण तोल सांभाळावा लागतो. नव्या व्यवस्थेत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघात कमाल दहा खेळाडू अशी नवी मर्यादा आली. श्रीमंत विद्यापीठ आता दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतं. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांची ओढाताण वाढेल. खर्च परवडत नाही म्हणून आख्खा संघ बंद करण्याचे प्रकारही झाले आहेत. आयोवा विद्यापीठाने २०२० मध्ये पुरुष टेनिस बंद करायचं ठरवलं.

वडीलच प्रशिक्षक, मग नवल काय?

हा आक्षेप बरेच जण घेतात आणि तो खोडून काढता येत नाही. बेनला कॉलेजात जो वस्ताद मिळाला तो एटीपी स्पर्धा जिंकलेला होता, आणि तो घरातलाच होता. प्रत्येक मुलाला हे मिळत नाही.

मात्र बाकीच्यांकडे पाहा. डॅनिएल कॉलिन्सच्या घरी टेनिसची अशी परंपरा नव्हती. ती सार्वजनिक कोर्टवर खेळत वाढली, व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २०१४ आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय विजेती झाली, कॉलेजची चार वर्षं पूर्ण केली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन इलिनॉयकडून खेळला आणि पुढे अमेरिकन ओपन व विम्बल्डन अशा दोन ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या. आणि आपला सोमदेव देववर्मन! व्हर्जिनियाकडून सलग तीन वर्षं राष्ट्रीय अंतिम फेरी, २००७ आणि २००८ ची विजेतेपदं, त्यातल्या २००७ च्या अंतिम सामन्यात त्याच जॉन इस्नरवर विजय. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने एकेरी आणि दुहेरी, दोन्हींत सुवर्ण मिळवलं. त्याच्याआधी महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठाकडून १९९५ चं दुहेरीचं विजेतेपद जिंकलं होतं.

मग अल्काराझ कॉलेजात का गेला नाही?

कारण त्याला गरज नव्हती. कार्लोस अल्काराझ बेनपेक्षा सात महिन्यांनी लहान आहे. बेन ज्या २०२२ च्या अमेरिकन ओपनमध्ये पहिल्या फेरीत हरला, तीच स्पर्धा जिंकून अल्काराझ एकोणिसाव्या वर्षी जगात पहिला झाला. सोळाव्या-सतराव्या वर्षीच जो मोठ्यांना हरवतो, त्याच्यासाठी कॉलेजची दोन वर्षं तोट्याची.

कॉलेजचा रस्ता आहे तो त्यानंतरच्या मुलांसाठी. ज्यांचं शरीर अठराव्या वर्षीही भरायचं बाकी असतं, ज्यांनी उशिरा सुरुवात केली, ज्यांच्या घरात वर्षाला काही लाख डॉलर उधळायला नाहीत. अशी मुलं अल्काराझपेक्षा हजारपटीने जास्त असतात.

तोटेही आहेतच. अमेरिकन कॉलेज टेनिस जवळजवळ पूर्णपणे हार्ड कोर्टवर, म्हणजे टणक पृष्ठभागावर चालतं. लाल मातीवर घसरत खेळायचं, लांब रॅली बांधायच्या, हे तिथे शिकायला मिळत नाही. बेनला याची किंमत लगेच मोजावी लागली.

पहिली परदेशवारी

जानेवारी २०२३ मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनसाठी मेलबर्नला गेला. वीस वर्षांच्या आयुष्यात अमेरिकेबाहेर पाऊल टाकण्याची ही त्याची पहिलीच वेळ. कॉलेज सोडलं तरी विद्यापीठाचे ऑनलाइन वर्ग चालूच होते. पहिल्या फेरीत चीनच्या झांग झिझेनविरुद्ध तो पाच सेट खेळला, चौथ्या फेरीत जे. जे. वुल्फविरुद्ध पुन्हा पाच. हा वुल्फ ओहायो स्टेटचा. उपांत्यपूर्व फेरीत टॉमी पॉलने त्याला थांबवलं.

त्यानंतर मात्र दांडी गुल. युरोपच्या मातीवर आणि गवतावर तो पहिल्यांदाच उभा होता. बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाहेर पडत राहिला. जूनमध्ये वडिलांनी अकरा वर्षांची फ्लोरिडातली नोकरी सोडली आणि ते पूर्णवेळ मुलाबरोबर निघाले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ओळखीच्या हार्ड कोर्टवर बिगरमानांकित बेन अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला, ताशी २४० किलोमीटरच्या सर्व्हिस मारत. टॉमी पॉलचं उट्टं त्याने इथे काढलं, फ्रान्सिस टियाफोला हरवलं आणि मग जोकोविचसमोर तीन सेटमध्ये हरला. ऑक्टोबरमध्ये टोकियोला त्याने पहिली एटीपी स्पर्धा जिंकली. आणि ज्या लाल मातीने त्याला वर्षभरापूर्वी हैराण केलं, तशाच मातीवर एप्रिल २०२४ मध्ये ह्युस्टनला दुसरी.

आपल्या मुलांनी काय पाहावं

हा रस्ता महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला आणि नंतर दुहेरीत व्यावसायिक झाला. डिव्हिजन वनच्या टेनिस संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी असतात, त्यामुळे दार खरोखर उघडं आहे. पण काही गोष्टी आधीच माहीत हव्यात.

पहिली, शाळा. नववी ते बारावीतले ठरावीक १६ अभ्यासक्रम आणि त्यांत अमेरिकन मोजणीने ४ पैकी किमान २.३ ची सरासरी लागते. दहावीनंतर शाळा सोडून फक्त टेनिस खेळलेल्या मुलासाठी हा दरवाजा जवळजवळ बंद होतो. दुसरी, वेळ. बारावीनंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजातलं खेळायचं वर्ष कमी होतं, असा टेनिसचा नियम वर्षानुवर्षं राहिलाय. दोन वर्षं दौरा करून पाहू, नाही जमलं तर कॉलेज, हा हिशेब म्हणूनच फसतो. तिसरी, पैसे. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करण्यावर कडक बंधनं असतात, त्यामुळे जाहिरातीतून कमावण्याची जी मुभा अमेरिकन सहकाऱ्याला आहे ती भारतीय मुलीला जवळजवळ नाही.

आणि प्रशिक्षकाशी बोलताना पालक विद्यापीठाचं नाव, क्रमवारी, शिष्यवृत्तीची टक्केवारी सगळं विचारतात, एक गोष्ट विसरतात: पहिल्या वर्षी माझं मूल कितव्या कोर्टवर खेळेल? एकेरीत सहा जण खेळतात, संघात दहा असतात. सातवा-आठवा असणाऱ्याला सराव मिळतो, सामने मिळत नाहीत, आणि दोन वर्षं सामने न खेळलेला खेळाडू कितीही मोठ्या विद्यापीठाचा शर्ट घालून परतला तरी मागेच पडलेला असतो. नावाजलेल्या संघात आठवं असण्यापेक्षा मधल्या फळीतल्या संघात पाचवं असणं बरं. पाचव्याला दर आठवड्याला कोर्टवर उतरायला मिळतं, आणि एखाद्या संध्याकाळी संघाचा चौथा गुण त्याच्याच रॅकेटवर येऊन थांबतो.